टायफॉइडच्या कल्चर रिपोर्टमध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन ‘एस’ (सेन्सिटिव्ह, म्हणजे लागू पडणारं) आहे, तरी ताप उतरत नाही. डोस वाढवावा का?

मनाने डोस वाढवू नका. आणि ‘लॅबवाल्यांनी घोळ घातला’ हे ऐकून माझे कान किटलेत. बऱ्याचदा प्लेट बरोबर असते, ती वाचायचा तक्ता जुना असतो.

म्युलर-हिंटन अगारवर (जंतू वाढवायच्या जेलीवर) साल्मोनेला टायफीचा, म्हणजे टायफॉइडच्या जंतूंचा, लॉन (सलग थर), त्यावर ५ मायक्रोग्रॅमची सिप्रोची डिस्क (औषधाची चकती). ३५ अंशांवर रात्रभर ठेवून सकाळी मोजपट्टी लावली, झोन (डिस्कभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ) २६ मिमी. चांगला ऐसपैस. जुन्या तक्त्यात २१ च्या पुढे सगळं ‘एस’, म्हणून टाइप करून मोकळे. शेजारच्या ३० मायक्रोग्रॅम नॅलिडिक्सिक ॲसिडच्या डिस्कला मात्र जंतू अगदी खेटून वाढलेले! तिकडे बघायचं कोणी? २०१२ पासून सीएलएसआयच्या (लॅबचे निकष ठरवणारी अमेरिकी संस्था) तक्त्यात साल्मोनेलाला ‘एस’ म्हणायला ३१ मिमी लागतात. २१ ते ३० ‘आय’ (मधलं). एमआयसीची (जंतूंची वाढ रोखायला लागणारी किमान मात्रा, मायक्रोग्रॅम प्रति मिली) हद्दही १ वरून ०.०६ वर आणली.

कारण जंतूच्या जायरेजमध्ये आहे. हे एन्झाइम डीएनए कापून पुन्हा सांधतं. क्विनोलोन (सिप्रो आणि नॅलिडिक्सिक ॲसिड याच गटातले) त्याला कापलेल्या अवस्थेतच अडकवतं. ही पकड मॅग्नेशियममार्फत ८३ व्या जागेवरच्या सेरीनवर आणि ८७ व्या ॲस्पार्टेटवर (दोन्ही एन्झाइममधली अमिनो आम्लं) असते. सेरीन बदललं की नॅलिडिक्सिक ॲसिड कामातून जातं, सिप्रोची पकड नुसती सैल होते. एमआयसी साधारण ०.१२ ते ०.५ वर चढते. प्लेटवर झोन दिसतो, पेशंटचा ताप हटत नाही. ८७ ची जागाही गेली आणि जोडीला टोपोआयसोमरेज-४ (जायरेजचंच भावंड) मधली ८० वी, की झोनही उरत नाही.

नॅलिडिक्सिकवरही सगळा भरवसा टाकू नका. क्यूएनआर जीन प्लास्मिडवरून (जंतू एकमेकांना देतात ते डीएनएचं कडं) येतो, त्याचं प्रथिन जायरेजला आडोसा देतं; तिथे नॅलिडिक्सिकची डिस्क फसू शकते. म्हणून ५ मायक्रोग्रॅमची पेफ्लॉक्सासिनची डिस्क लावा: २४ मिमी किंवा जास्त असेल तरच ‘एस’. नुसतं ‘एस’ छापू नका, झोन किती मिमी तेही लिहा, आणि डॉक्टरांनीही ते मागून घ्या. एवढ्यावर निम्मी भांडणं मिटतील.

हां, एक राहिलंच. योग्य औषधावरही टायफॉइडचा ताप उतरायला चार-सहा दिवस लागतात. तुमचा कितवा दिवस आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. आणि गोळीसोबत अँटासिड किंवा लोहाची गोळी घेत असाल तर सिप्रो पोटातच बांधलं जातं, रक्तात पुरेसं पोचत नाही. हे दोन्ही डॉक्टरांना आधी सांगा.