गुडघा गेला, शिट्टी हातात आली, आता बाबांना काय सांगू?

पत्र थोडक्यात असं: "आक्का, मी २४ वर्षांचा, कोल्हापूरचा. कॉलेजात बास्केटबॉल खेळायचो, पॉइंट गार्ड (बॉल पुढं नेऊन खेळ रचणारा) होतो, युनिव्हर्सिटी टीममधनं दोनदा खेळलो. लिगामेंट फाटलं, खेळ सुटला. आता संध्याकाळी एका शाळेच्या कोर्टवर दहा-अकरा वर्षांच्या १८ पोरांना शिकवतो, महिन्याला ८ हजार. बाबा म्हणतात शिट्टी वाजवून संसार होत नाही, बँकेची परीक्षा दे. पोरांचा बॉल रिंगपर्यंत पण पोचत नाही, मी लै चिडतो. कोच व्हावं का सोडावं?"

अरे बाळा, तुझं मूळ पत्र चार पानांचं आहे आणि त्यातली साडेतीन पानं तुझ्याच मॅचेसची, पोरांवर जेमतेम सहा ओळी, त्यातल्या चार तक्रारीच्या. बाबांचं नंतर बघू, आधी ह्याचं बोलू.

बॉल कुठला देतोस त्यांना? मोठ्यांचा सात नंबरचाच असणार, शाळेत तोच पडलेला असतो. सहाशे ग्रॅमच्या आसपासचा बॉल, वर रिंग ३.०५ मीटरवर, मग एवढासा जीव तो कमरेपासनं भिरकावणार नाहीतर काय करणार? लहान पोरांच्या मिनी बास्केटबॉलला पाच नंबरचा बॉल आणि २.६० मीटरची रिंग असते ती उगीच नाही. मी पण कॉलेजात खेळलेय (म्हणजे बेंचवर बसलेय, खोटं कशाला बोलू), आमचे सर पण असेच चिडायचे, आणि निम्म्या पोरी दिवाळीनंतर यायच्याच बंद झाल्या.

आपल्या तालमीत बघ, वस्ताद हौदाच्या कडेला बसून पोरांचे पाय बघत असतो, माझ्या वेळी मी कुणाला चितपट केलं ह्याचं पुराण सारखं लावत नाही. तू अजून हौदातच आहेस. आणि बास्केटबॉल ज्यानं काढला ना १८९१ मध्ये, तो नेस्मिथ पुढं कॅन्ससच्या कॉलेजात कोच होता आणि त्याच्या टीमनं जिंकल्या ५५, हरल्या ६०! खेळ येणं वेगळं, शिकवणं वेगळं, ते वेगळं शिकावं लागतं.

म्हणून एनआयएसचा (पतियाळाची कोच घडवणारी सरकारी संस्था) सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स बघ, जमलं तर पुढं तिथलाच डिप्लोमा. शाळेत कायमची नोकरी पाहिजे असेल तर बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी लागेल, त्यात दोन वर्षं जातात. बाबांशी भांडू नको, ८ हजारात भागत नाही हे त्यांचं बरोबरच आहे. सकाळी एखादी नोकरी धर, संध्याकाळचं कोर्ट सोडू नको, आणि त्यांच्याकडनं दोन वर्षं मागून घे, तारीख सांगून. एकदा त्यांना कोर्टवर घेऊन ये, पण तू खेळून दाखवायला नको हं, गुडघ्याचं वाटोळं करशील.

आणि त्या उरलेल्या दोन ओळी. उजव्या हाताला प्लास्टर असलेली पोरगी रोज येऊन बसायची आणि एक दिवस डाव्या हातानं ले-अप (रिंगजवळ धावत जाऊन टाकलेला बॉल) टाकून गेली, असं लिहिलंयस. पुढं काय झालं तिचं? ते लिहिलंच नाहीस. पुढच्या पत्रात तेवढंच लिही, मॅचेस नकोत.