तुमचे प्रश्न: बोटभर माशांची पावती कशाला?

प्रश्न: आम्ही टोरांटोत राहतो, उन्हाळ्यात मुलांना घेऊन उत्तरेकडच्या तळ्यांवर गळ टाकायला जातो. यंदा तिकडच्याच एका दुकानातून आमिषाला दोन डझन जिवंत मिनो घेतले तर दुकानदार म्हणाला पावती जपून ठेवा, दोन आठवडेच चालते. बोटभर माशांची पावती? कमाल आहे! (एक वाचक, टोरांटो)

उत्तर: कमाल वाटेल, पण ठेवा. ऑन्टारियोने जानेवारी २०२२ पासून अख्ख्या प्रांताचे चार झोन पाडलेत, आणि आमिषाचे जिवंत मासे नि जळवा ज्या झोनमधे पकडल्या त्याच झोनमधे वापरायच्या असा नियम आहे. म्हणजे टोरांटोतून बादली भरून घेऊन झोन ओलांडून वर गेलात तर चुकलंच. आपल्या घरच्या झोनबाहेर गळ टाकायचा असेल तर आमिष तिथेच विकत घ्यायचं, आणि ते तिथलंच आहे याचा पुरावा म्हणजे ती पावती, तारखेपासून दोन आठवडे. स्वतः जाळं टाकून पकडायचं असेल तर ते फक्त आपल्या झोनमधे. आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त १२० मासे, हेही लक्षात असू द्या.

आता कशासाठी. बादलीत नुसते मासे नसतात हो, पाणी असतं. त्या पाण्यात डोळ्याला न दिसणारी शिंपल्यांची पिल्लं असू शकतात, विषाणू असू शकतात, आणि मिनो म्हणून आलेल्या घोळक्यात दुसऱ्याच कुठल्या जातीचं पिल्लू असू शकतं. आपल्याकडचा चंदेरा, म्हणजे सिल्व्हर कार्प, आपण तलावात मुद्दाम सोडतो, पण तोच अमेरिकेतल्या इलिनॉय नदीत बोटीच्या आवाजाने हवेत उड्या मारतो आणि मूळच्या माशांचं खाणं संपवतो, त्याची लहान पिल्लं तर आमिषाच्या माशांसारखीच दिसतात, दुकानातला पोऱ्या काय ओळखणार. संध्याकाळी घरी निघताना उरलेली बादली तळ्यात ओतली की झालं काम. म्हणून ऑन्टारियोत पाण्यापासून ३० मीटरच्या आत बादली रिकामी करायलाही बंदी आहे, नुसतं पाणी असलं तरी. मुलांना "सोडून देऊया बिचाऱ्यांना" असं वाटतं, माझ्याही पोरांना वाटायचं, पण नाही सोडायचे.

प्रश्न: मी मिनियापोलिसला असतो. मे महिन्यात वॉलआय या खायच्या माशाचा सीझन सुरू व्हायच्या वेळी दुकानात शायनर (आमिषाचे चकचकीत मिनो) नाहीत, असले तर भाव गगनाला. दक्षिणेकडच्या अर्कान्सा राज्यात म्हणे तळीच्या तळी भरून गोल्डन शायनर पिकवतात, मग ट्रकने आणत का नाहीत? सरकारने उगाच धंदा मारलाय असं इथले दुकानदार म्हणतात. (एक वाचक, मिनेसोटा)

उत्तर: आणत नाहीत कारण मिनेसोटात बाहेरून आमिषासाठी जिवंत मिनो आणायला कायद्याने बंदी आहे. आणि राज्यातल्या राज्यात पकडावेत तर झेब्रा शिंपले (बाहेरून येऊन पसरलेली बारकी शिंपली) शिरलेल्या तळ्यांतून काढायचे म्हटलं की परवान्याची भानगड, त्यामुळे मिनो धरणाऱ्याची दरवर्षीची हक्काची ठिकाणं कमी होत जातात. माल कमी, गिऱ्हाईक तेवढंच. दुकानदाराचं बोलणं अर्धं खरं आहे.

उरलेलं अर्धं समजायला २००५-०६ मधे जावं लागेल. ग्रेट लेक्समधे, म्हणजे अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या मोठ्या सरोवरांत, त्या दोन वर्षांत मासे ढिगाने मरून किनाऱ्याला लागले, अंगावर रक्ताचे डाग, डोळे बाहेर आलेले. व्हीएचएस नावाचा विषाणू, माणसाला काही करत नाही पण थंड पाण्यात माशांना आतून रक्तस्राव होऊन मारतो. ऑक्टोबर २००६ मधे अमेरिकेच्या केंद्राच्या कृषी खात्याने एकदम फतवा काढला, न्यूयॉर्कपासून मिनेसोटापर्यंतची आठ राज्यं आणि कॅनडाचे दोन प्रांत इथून ज्या जातींना हा रोग होतो ते जिवंत मासे बाहेर न्यायचे नाहीत. यादीत एमराल्ड शायनर होता, म्हणजे आमिषवाल्यांच्या पोटावरच पाय. एवढी ओरड झाली की महिन्याभरात नोव्हेंबरमधे नियम सैल करावा लागला, तपासणी करून दाखला असेल तर न्या. २०१४ ला केंद्राने तो हुकूम मागेही घेतला, पण तोपर्यंत बऱ्याच राज्यांनी आपापले नियम करून ठेवले होते आणि ते आपोआप गेले नाहीत. वर १९०० सालचा लेसी कायदा आहेच, एका राज्याचा नियम मोडून मासा राज्याबाहेर नेला की प्रकरण केंद्राचं होतं.

तपासणी म्हणजे काय ते बघा, खरी गोम इथे आहे. एका लॉटमधे, म्हणजे एकाच ठिकाणच्या माशांच्या गटात, शेकडा दोन मासे जरी रोगी असले तरी ते ९५ टक्के खात्रीने सापडावेत यासाठी साधारण १५० मासे मारून लॅबला पाठवावे लागतात. लॉट दहा हजारांचा असो की दहा लाखांचा, मासे तेवढेच आणि लॅबचं बिलही जवळपास तेवढंच. अर्कान्साच्या लोनोक भागात मोठमोठी फार्म आहेत, तिथे तळं आपलं, पाणी आपलं, मासे कुठून आले ते माहीत, राज्याच्या कृषी खात्याचा दाखल्याचा कार्यक्रमही आहे, त्यांना हे परवडतं, उलट दाखला दाखवून ते जास्त गिऱ्हाईक मिळवतात. पण जो माणूस पहाटे ओढ्यात सापळे लावून येतो आणि पिकअपच्या मागे टाकीत पन्नास डझन घेऊन दुकानात देतो त्याचा लॉट कुठला? आज या ओढ्यातले, उद्या त्या. तो तपासणीचा खर्च काढूच शकत नाही. त्यामुळे नियम सगळ्यांना सारखा असला तरी मार सारखा बसत नाही.

आणि मोठ्यांचंही सगळं आलबेल नाही. २०१७ मधे छापून आलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या आमिषाच्या नि हौसेने गळाला धरायच्या माशांच्या फार्मचा हिशोब मांडला होता, नियम पाळण्याचा खर्च एकूण खर्चाच्या साधारण चौथा हिस्सा निघाला, आणि त्यात सरकारी फी अगदी नगण्य, बाकी सगळं माणसांचा वेळ, कागद, दर राज्याची वेगळी परमिटं, हुकलेले सौदे. हेक्टरमागे सगळ्यात जड लहान फार्मनाच. त्यात पाणकावळे. पाणकावळ्यांचे थवे तळ्यावर उतरले की हंगामाचं नुकसान करून जातात, आणि पक्षी संरक्षित. १३ राज्यांतल्या मत्स्यशेतकऱ्यांना पाणकावळे मारायची जी सरसकट सवलत होती ती २०१६ च्या मे मधे कोर्टाने रद्द केली. रोगाच्या नियमांवर सगळे बोलतात, पाणकावळ्यांबद्दल फार्मवाल्याला विचारून बघा, तो तासभर सोडणार नाही तुम्हाला.

तर धंदा मारलाय का? माझं मत असं की आयातीवरची बंदी आता थोडी आंधळी झालीय. तपासलेल्या तळ्यातला मासा हा न तपासता ओढ्यातून काढलेल्या माशापेक्षा कमी धोक्याचा असतो, पण बंदी पहिल्याला अडवते. टंचाई झाली की लोक काय करतात? शेजारच्या राज्यातून डिकीत लपवून आणतात, आणि त्याचा ना दाखला ना पावती. दाखल्यावर आत घ्यावेत असं मला वाटतं, पण दहा हजार तळ्यांच्या राज्याने घाबरायला नको होतं असंही मी म्हणणार नाही.

प्रश्न: एवढी कटकट असेल तर गांडूळ लावलेलं काय वाईट? (त्याच वाचकाचा जोडप्रश्न)

उत्तर: लावा की. फक्त उरलेली जंगलात टाकू नका, कचऱ्याच्या डब्यात टाका. आपण लहानपणापासून गांडूळ शेतकऱ्याचा मित्र असं पाठ केलंय, पण हिमयुगानंतर मिनेसोटाच्या जंगलात मूळचं गांडूळ राहिलंच नव्हतं, आत्ता दिसतात ती सगळी बाहेरून आलेली, त्यातली बरीच आमिषाच्या डब्यांतून. तिथल्या झाडांना जमिनीवर पालापाचोळ्याचा जाड थर लागतो आणि ही तो खाऊन टाकतात. गंमत म्हणजे दुकानातली नाइटक्रॉलर, म्हणजे आमिषाची मोठी गांडुळं, बहुतेक ऑन्टारियोतल्या शेतांतून येतात, रात्री डोक्याला दिवा आणि पायाला डबे बांधून माणसं वाकून वाकून हाताने वेचतात. आणि मिनोला आहे तसला १५० माशांच्या तपासणीचा सोपस्कार गांडुळांना नाही.

प्रश्न: आमच्याकडे खाडीवर आम्ही गरवायला जातो, जिवंत कोळंबी लावतो. उद्या आम्हालाही पावती मागतील का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: काळजी नको. हे सगळे नियम आमिष विकत मिळतं आणि शेकडो मैल प्रवास करतं म्हणून आलेत. तुम्ही त्याच खाडीतली कोळंबी त्याच खाडीत लावता. लक्षद्वीपमधे टुना पकडायला जिवंत बारके मासे लागतात, तेही तिथले लोक आपल्याच बेटाच्या उथळ पाण्यातून धरतात. आपल्याकडे जिवंत माशाच्या बाबतीत सरकार खरं कडक झालं ते थाई मांगूर या परदेशी मांसाहारी माशावर, २००० सालापासून पाळायला बंदी आहे. तो मात्र गळाला लागला तर परत पाण्यात सोडू नका.