सासरा ब्रायन, जावई सिट्रिक

प्रश्न : बाई, डब्लिनहून आलेल्या जावयांनी नातवाला एक युरोचं नाणं दिलं. त्यावरची हार्प (उभं तंतुवाद्य) ब्रायन बोरू या आयरिश राजाची, आणि १०१४ मध्ये त्यानंच व्हायकिंगांना आयर्लंडमधून हाकललं, असं ते सांगतात. खरं का? (एक आजी, मुलुंड)

उत्तर : ते नाणं माझ्याकडेही आहे. एकदा बसमध्ये दहाचं समजून कंडक्टरच्या हातावर टेकवलं. त्यानं चष्म्यावरून बघून मुकाट्यानं परत दिलं.

जावयांना तोंडावर खोटं पाडू नका, पण हार्प ब्रायनची नाही. ज्या हार्पवरून हे चित्र घेतलंय, ती डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे आणि चौदाव्या-पंधराव्या शतकातली आहे. ब्रायनचं नाव तिला मागाहून चिकटलं.

ब्रायन हा आयर्लंडच्या दक्षिणेकडच्या मन्स्टर प्रांतातल्या डाल गाश या लहानशा घराण्यातला. ९७६ मध्ये थोरला भाऊ मारला गेला आणि सूत्रं याच्या हाती आली. १००२ पर्यंत खुद्द उच्चराजानंही, म्हणजे सगळ्या आयरिश राजांवरच्या राजानंही, त्याच्यापुढे मान तुकवली. १००५ मध्ये यानं आर्माच्या चर्चमध्ये वेदीवर २० औंस सोनं ठेवलं आणि तिथल्या पोथीत स्वतःला 'सम्राट' लिहवून घेतलं!

खरी गंमत नात्यांत आहे. डब्लिनचा नॉर्स, म्हणजे व्हायकिंग, राजा सिट्रिक हा ब्रायनचा जावई. सिट्रिकची आई गोर्मला एके काळी ब्रायनची बायको, म्हणजे तो सावत्र मुलगाही झाला. सिट्रिकच्या बाजूनं लढलेला लेन्स्टर प्रांताचा राजा हा गोर्मलाचा भाऊ, ब्रायनचा मेहुणा. मी हे कागदावर मांडायला बसले तर रेघांचा नुसता गुंता झाला.

२३ एप्रिल १०१४, गुड फ्रायडे, डब्लिनजवळच्या क्लॉन्टार्फची लढाई. ब्रायनची बाजू जिंकली. पण सत्तरी ओलांडलेला ब्रायन, त्याचा मुलगा आणि नातू, तिघंही त्याच दिवशी गेले. सिट्रिक डब्लिनच्या तटाआड सुखरूप राहिला आणि १०३६ पर्यंत तिथंच राज्य करत होता. हाकलला कुठला!

'हाकललं' ही गोष्ट पसरली ती सुमारे शंभर वर्षांनी, ब्रायनच्या पणतूच्या काळात रचलेल्या एका बखरवजा कथेमुळे. तीत सिट्रिक बायकोसह तटावरून लढाई बघतो आणि आपली माणसं शत्रूला कशी कापताहेत म्हणून फुशारकी मारतो. संध्याकाळी तीच माणसं समुद्राकडे पळताना दिसतात, तेव्हा ती, ब्रायनची लेक, त्याला टोमणा मारते. तो तिच्या तोंडावर असा हाणतो की दात पडतो.

एवढा तुकडा जावयांना सांगायचा की नाही, ते तुम्हीच ठरवा.