बेडूकमाशाला पाण्यात वास येतो का, आणि तो कोणत्या पेशींमुळे?

तुम्ही विचारलंय: "पाण्यात बेडूकमाशाला वास कसा येणार? येत असेल तर त्याच्या नाकात कोणत्या पेशी असतात, आणि बेडूक झाल्यावर तेच नाक राहतं का?"

वास येतो, आणि चांगला येतो. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. दर पावसाळ्यात प्रयोगशाळेच्या खिडकीत मातीच्या परातीत थोडे बेडूकमासे ठेवते आणि पाय फुटायच्या आत आणलेल्या डबक्यातच परत सोडते. मुलांना एक साधी गोष्ट दाखवते. ड्रॉपरने आधी परातीतलंच पाणी एका कडेला हळूच सोडायचं. फारसं काही होत नाही. मग त्याच जागी उकडलेल्या पालकाचं गाळून गार केलेलं पाणी सोडायचं. थोड्या वेळात तळ खरवडणारी दोनचार पिल्लं थांबतात, शेपटी वळवतात आणि त्या कडेकडे सरकू लागतात. पाला तिथे नसतोच, त्यामुळे दिसण्यासारखं काही नाही. फक्त पाण्यात काहीतरी विरघळलेलं आहे.

आपण हवेत राहतो म्हणून वास म्हणजे हवेतून उडत येणारी गोष्ट, असं आपल्या डोक्यात बसलंय. पाण्यातल्या प्राण्याला पदार्थ उडतो की नाही याच्याशी देणंघेणं नाही, तो विरघळला पाहिजे. अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, तीच बघा. ती हवेत उडत नाहीत, म्हणून ग्लायसीनची पूड नाकाशी धरली तरी आपल्याला काही कळत नाही. बेडूकमाशाच्या नाकाला मात्र अमिनो आम्लं फार महत्त्वाची, कारण जिथे काही खाण्याजोगं आहे तिथून ती पाझरत असतात. बेडूकमासा श्वासासाठी तोंडाची पोकळी भात्यासारखी हलवतो, त्याबरोबर पाणी नाकपुड्यांतून आत ओढलं जातं आणि वाटेत नाकाच्या अस्तरावरून जातं.

त्या अस्तरात मुख्यतः तीन प्रकारच्या पेशी असतात. पहिली गंधपेशी. ही खरीखुरी चेतापेशी आहे. तिची वृक्षिका, म्हणजे संदेश घेणारी शाखा, अस्तराच्या पृष्ठभागापर्यंत येते आणि टोकाशी लांब किंवा आखूड केसांसारखे बारीक धागे पाण्याच्या बाजूला पसरते. दुसऱ्या टोकाचा अक्षतंतू, म्हणजे संदेश पुढे नेणारी लांब तार, थेट मेंदूच्या पुढच्या भागात, म्हणजे घ्राणकंदात जातो. मध्ये दुसरी पेशी नाही. डोळ्यात किंवा कानात अशी थेट तार नसते. तिथे संदेश आधी दुसऱ्या पेशीकडे सोपवावा लागतो. दुसऱ्या आधारपेशी, गंधपेशींच्या मधल्या जागा भरून उभ्या असलेल्या. तिसऱ्या तळपेशी, म्हणजे मूलपेशी. यांच्यातून आयुष्यभर नव्या गंधपेशी तयार होत राहतात. पाण्याशी सतत संबंध येणारी चेतापेशी फार दिवस टिकत नाही, म्हणून ही सोय. बेडूकमाशाची घ्राणचेता, म्हणजे या अक्षतंतूंची जुडी, कापली तर त्या बाजूच्या गंधपेशी मरतात, आणि काही आठवड्यांत तळपेशींतून आलेल्या नव्या पेशी आपले अक्षतंतू पुन्हा घ्राणकंदापर्यंत पोचवतात. चेतापेशी मेली की गेली, असं शिकलेल्या मुलांना हे आधी पटत नाही.

यातलं बरंचसं ज्ञान झेनोपस लीव्हिस या बेडकाच्या पिल्लांवरून आलंय. हा मागच्या पायांना नखं असलेला, जन्मभर पाण्यात राहणारा दक्षिण आफ्रिकेतला बेडूक. जर्मनीतल्या ग्योटिंगेनला डेटलेव्ह शिल्ड आणि इव्हान मान्झिनी यांनी त्याच्या पिल्लांच्या नाकाच्या अस्तराचे पातळ काप घेतले आणि पेशींमध्ये असा रंग भरला, की आत कॅल्शियम वाढलं की तो जास्त चमकतो. गंधपेशीने दाद दिली की तिच्या आत कॅल्शियम वाढतं. मग एकेक अमिनो आम्ल कापावरून सोडायचं आणि कोणत्या पेशी उजळतात ते सूक्ष्मदर्शकातून बघायचं. 2004 मध्ये त्यांनी 283 गंधपेशींची 19 अमिनो आम्लांवर चाचणी केल्याचं प्रसिद्ध केलं. प्रतिसादाचे तब्बल 204 वेगवेगळे नमुने मिळाले. एखादी पेशी दोनच आम्लांना उजळते, दुसरी दहाबारांना. शिवाय पिल्लू वाढतं तशा त्याच्या पेशी चोखंदळ होत जातात. लहान वयात एकेक पेशी बऱ्याच आम्लांना दाद देते, पुढच्या अवस्थांत मोजक्यांनाच. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. वास ओळखणं हे एका पेशीचं काम नाही. कोणकोणत्या पेशी एकदम उजळल्या, त्यावरून मेंदू ओळखतो.

आता पेशीच्या आत काय घडतं ते. पाठ्यपुस्तकात सहसा एकच रस्ता दिलेला असतो. गंधाचा रेणू पेशीवरच्या ग्राही प्रथिनाला (त्याला ओळखणाऱ्या प्रथिनाला) चिकटतो, आतलं जी-प्रथिन नावाचं निरोप्या प्रथिन जागं होतं, सायक्लिक एएमपी हा निरोप पोचवणारा छोटा रेणू वाढतो, त्याने आयनमार्ग (विद्युतभारित कण जाण्याच्या वाटा) उघडतात आणि कॅल्शियम आत येतं. त्या कॅल्शियममुळे क्लोराईडचे मार्ग उघडतात आणि पेशीत साठलेलं क्लोराईड बाहेर पडतं. त्याने विद्युतसंकेत आणखी मोठा होतो. गोड्या पाण्यात क्षार कमी असतात, म्हणून संकेत वाढवायला लागणारे आयन पेशीने आधीच आत साठवून ठेवलेले बरे, असं याचं स्पष्टीकरण दिलं जातं. पण 2003 मध्ये ग्योटिंगेनच्या याच जोडीने दाखवलं, की बेडूकमाशाच्या नाकात अमिनो आम्लं ओळखणाऱ्या बहुतेक पेशी हा रस्ता वापरतच नाहीत. सायक्लिक एएमपी वाढवणारं औषध कापावर टाकलं तर भलत्याच पेशी उजळतात. अमिनो आम्लांच्या पेशी फॉस्फोलायपेज सी नावाच्या विकराचा (एन्झाइमचा) वेगळा रस्ता धरतात. त्यांच्या टोकाला लांब केस नसून आखूड सूक्ष्मांकुर असतात, आणि त्यांचे अक्षतंतू घ्राणकंदाच्या बाहेरच्या बाजूला जातात. अल्कोहोल, अल्डिहाइड अशा पदार्थांना दाद देणाऱ्या केसवाल्या पेशींचे अक्षतंतू आतल्या बाजूला जातात. म्हणजे एवढ्याशा नाकात दोन वेगळ्या यंत्रणा शेजारी शेजारी काम करतात.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. भुकेल्या बेडूकमाशाचं नाक जास्त तीक्ष्ण होतं, आणि हा बदल मेंदूच्या आधी, नाकाच्या अस्तरातच होतो. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात झेनोपसची काही पिल्लं उपाशी ठेवली होती. त्यांच्या आधारपेशी एक स्निग्ध रेणू जास्त बनवू लागल्या. हा रेणू एंडोकॅनाबिनॉइड गटातला, म्हणजे गांजातलं द्रव्य ज्या ग्राहींवर काम करतं त्याच ग्राहींवर काम करणारा, पण शरीराने स्वतः बनवलेला. तो शेजारच्या गंधपेशीवर पोचला की ती पेशी आधीपेक्षा कमी अमिनो आम्लालाही दाद देते. ज्या पेशींना आपण नुसतं आधारपेशी म्हणून मोकळे होतो, त्या शेजारणीची संवेदनक्षमता पोटाच्या हालहवालाप्रमाणे कमीजास्त करत असतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून मी वर्गात "आधारपेशी फक्त आधार देतात" हे वाक्य उच्चारलेलं नाही.

वासाचा उपयोग नुसता अन्नापुरता नाही. युरोपातल्या भेकाच्या (खरखरीत कातडीच्या बेडकाच्या) पिल्लांच्या बाबतीत प्राणिवर्तनाचे अभ्यासक आयब्ल-आयबेसफेल्ट यांनी 1949 मध्येच नोंदवलं होतं, की एका पिल्लाची कातडी फाटली की पाण्यात काहीतरी मिसळतं आणि बाकीची पिल्लं पळ काढतात. आपल्याकडे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात आणि पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात आपल्या डबक्यांतल्या जातींवर या अंगाने बरंच काम झालंय. सख्खी भावंडं वासावरून ओळखणं, शिकाऱ्याचा वास आला की हालचाल कमी करणं, असं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. तेच नाक राहत नाही. पिल्लाच्या नाकातली मुख्य पोकळी पाण्यासाठी असते. रूपांतरणाच्या, म्हणजे बेडूकमाशाचा बेडूक होण्याच्या, काळात तिची नव्याने उभारणी होते. जुन्या गंधपेशी जातात, तळपेशींतून नव्या येतात, आणि ती पोकळी हवेसाठी कामाला लागते. झेनोपस तर पुढेही पाण्यातच राहतो, म्हणून त्याच्या नाकात मधली अशी एक नवी पोकळी पाण्याच्या वासासाठी तयार होते. 1995 मध्ये दोन्हींतली ग्राही प्रथिनं तपासली तेव्हा पाण्याच्या पोकळीत माशांसारखी ग्राही सापडली आणि हवेच्या पोकळीत सस्तन प्राण्यांसारखी. दोन्हींच्या तोंडाशी एक झडप असते. बेडूक पाण्याखाली असला की ती हवेची पोकळी झाकते, आणि डोकं पाण्याबाहेर काढलं की पाण्याची.