पालकांचे प्रश्न : मोबाइलशिवाय न जाणारा घास, आजीचा फोन आणि एक धमकी

प्रश्न : माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. मोबाइलवर बडबडगीतं लावल्याशिवाय घास घेत नाही. एकेक जेवण तासभर चालतं. बोलतोही मोजकंच, तेही सुटे शब्द. मोबाइल बंद केला की जेवणच टाकतो.
(एक आई, चिपळूण)

उत्तर : आधी बोलण्याबद्दल. दोन वर्षांचं मूल साधारणपणे 'बाबा ये', 'पाणी दे' असे दोन शब्द जोडू लागतं. अडीच वर्षांनंतरही ते होत नसेल, तर मोबाइलला दोष देऊन थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कान तपासून घ्या. कमी ऐकू येणारं मूलसुद्धा हलती चित्रं बघत शांत बसतं, त्यामुळे घरच्यांच्या लक्षात येत नाही. जिल्हा पातळीवर सरकारी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे ही तपासणी मोफत होते.

आता जेवण. पडद्याकडे बघत खाणाऱ्या मुलाचं लक्ष ना भुकेकडे असतं, ना पोट भरल्याकडे. म्हणून मोबाइल सोडवण्याआधी त्याची भूक परत आणा. दिवसभराचं दूध ४०० ते ५०० मिलिलिटरच्या आत ठेवा. त्याहून जास्त दूध पोटात गेलं की जेवण नकोसं होतं, शिवाय शरीरात लोह कमी पडू लागतं. दोन खाण्यांच्या मध्ये अडीच-तीन तास पाण्याशिवाय काही देऊ नका, अर्धं बिस्किटसुद्धा नाही.

मग दिवसातलं एकच जेवण निवडा, घरातलं आणखी कुणी सोबत जेवत असेल असं. ताटलीत दोन चमचे वरणभात आणि हाताने उचलता येतील असे थालीपीठाचे तुकडे पुरेत. सांडू द्या. अर्ध्या तासाने ताटली उचला, न रागावता. पहिले काही दिवस तो कमी खाईल, आणि बहुतेक घरं इथेच फसतात. तिसऱ्या दिवशी कुणीतरी कळवळून फोन पुढे करतं आणि मुलाला कळतं, आणखी थोडं रडलं की फोन मिळतो. त्यामुळे घरातल्या सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय सुरुवातच करू नका. मोबाइलच्या जागी टीव्ही लावू नका. वजन घटलं किंवा मूल मलूल वाटलं, तर मात्र लगेच डॉक्टरांकडे जा.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांपर्यंत पडदा अजिबात नको आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्या माणसासोबत. परगावच्या आजोबांचा व्हिडिओ कॉल चालेल, तिथे समोरचं माणूस मुलाला उत्तर देतं.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची. आम्ही दोघं नोकरीवर. शाळेतून आली की आजीच्या फोनवर शॉर्ट्स बघते. घरच्या टॅबमध्ये यूट्यूब किड्स टाकलं, तर ती त्याची सेटिंगही बदलते.
(एक वडील, पिंपरी-चिंचवड)

उत्तर : यूट्यूब किड्सच्या सेटिंगवर मुळात जे कुलूप असतं ते एक साधा गुणाकार विचारतं. चौथीतल्या मुलीला पाढे येतात! तिथे स्वतःचा चार आकडी पासकोड घाला. जन्मवर्ष किंवा फोनचाच पिन नको. आणखी कडक हवं असेल तर फक्त तुम्ही निवडलेले चॅनेल दिसतील असा पर्याय घ्या, त्यात सर्चही बंद होतो.

पण खरी गळती आजीच्या फोनमध्ये आहे. फॅमिली लिंक या गूगलच्या पालकांसाठीच्या अ‍ॅपची वेळमर्यादा मुलीच्या खात्याला लागते. आजीचा फोन आजीच्या खात्यावर चालतो, म्हणून तिथे ती मर्यादा पोहोचतच नाही. त्या फोनवर यूट्यूबची वॉच हिस्टरी पुसा आणि बंद करा, म्हणजे होम पानावरच्या शिफारशी थांबतात. ऑटोप्लेही बंद करा. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लागेल असं करा आणि आजीचा यूपीआय पिन मुलीला माहीत असेल तर आजच बदला. अँड्रॉइडमध्ये 'अ‍ॅप पिनिंग' सुरू केलं आणि बाहेर पडताना पिन मागण्याचा पर्याय निवडला, की हातात दिलेलं एकच अ‍ॅप चालतं. आयफोनमध्ये हेच काम 'गाइडेड अ‍ॅक्सेस' करतं.

शॉर्ट्सना शेवट नसतो, म्हणून 'अजून पाच मिनिटं' हा करार मुलं मनापासून करूनही मोडतात. त्यापेक्षा 'एका मालिकेचे दोन भाग' असं ठरवा. भाग संपतो तेव्हा उठायला जागा मिळते. आणि शाळेनंतरचा उजेडाचा वेळ बाहेर जाऊ द्या. रोज सुमारे दोन तास दिवसाच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांमध्ये लघुदृष्टी (लांबचं धूसर दिसणं) सुरू होण्याचं प्रमाण कमी असतं. आजीवर पहाऱ्याचं काम टाकू नका, त्यात दोघींचं नातं बिघडतं.

प्रश्न : मुलगा पंधरा वर्षांचा. इन्स्टाग्रामवर एका 'मुली'शी ओळख झाली, त्याने स्वतःचा नको तसा फोटो पाठवला. आता समोरून ५,००० रुपयांची मागणी आहे, नाहीतर सगळ्या मित्रांना पाठवीन अशी धमकी. तो जेवत नाही, झोपत नाही. त्याचे वडील फोन फोडायला निघालेत.
(नाव-गाव प्रसिद्ध करू नये)

उत्तर : फोन फोडू देऊ नका, पुरावा त्यातच आहे. पण त्याही आधी मुलाजवळ बसा आणि सांगा : "तू सांगितलंस हे बरं केलंस. गुन्हा त्याने केलाय, तू नाही." अशा वेळी मुलं जिवाचं बरंवाईट करून घेतात. पुढच्या काही रात्री त्याला एकटं झोपू देऊ नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही.

पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते, कारण हे घर पैसे देतं हे धमकावणाऱ्याला कळलेलं असतं. चॅट पुसू नका. धमकीचे मेसेज, तारीख-वेळ, यूपीआय आयडी, फोन नंबर आणि खात्याचं यूजरनेम यांचे स्क्रीनशॉट घ्या. नुसतं दिसणारं नाव पुरत नाही, ते कधीही बदलता येतं. हे सगळं झाल्यावर खात्याची इन्स्टाग्रामकडे तक्रार करा आणि मगच ब्लॉक करा.

मुलाचा फोटो काका, शिक्षक किंवा ओळखीचा पोलीस यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. अल्पवयीनाचं असं चित्र पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे. पोलिसांना फोनवरच दाखवा. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर महिला व बालकांच्या विभागात करा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तत्काळ फोन करा, जितक्या लवकर कळेल तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त. बालकांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. २०१२ चा पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, मुलग्यांनाही लागू आहे. त्यानुसार जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, साध्या वेशातल्या पोलिसांनी घ्यायचा असतो. तसं मागा, संकोच नको.

अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी असे फोटो पसरण्यापासून रोखणारी 'टेक इट डाउन' ही मोफत ऑनलाइन सेवा आहे. फोटो तुमच्याच फोनमध्ये राहतो, फक्त त्याचा डिजिटल ठसा तयार होऊन सहभागी कंपन्यांकडे जातो. इन्स्टाग्राम आणि फेसबुक त्यात आहेत. ठसा जुळला की तो फोटो तिथे रोखता येतो.

प्रश्न : आमच्या सोसायटीत संध्याकाळी दीड तास मोबाइल बंद ठेवायचं चाललंय. टिकेल का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून हे सुरू केलं. सातला भोंगा वाजला की टीव्ही-मोबाइल बंद, साडेआठपर्यंत. मोठ्यांचे फोनही बंद, हे त्यातलं महत्त्वाचं. तुमच्याकडे अडचण बहुधा शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाची येईल. गृहपाठ साडेसातला आला की सगळे फोन पुन्हा उघडतात. वर्गशिक्षकांना आधीच भेटून गृहपाठ सहाच्या आत पाठवण्याची विनंती करा.