जुन्या स्टिरिओला वेगळा हेडफोन अ‍ॅम्प घ्यावा का, आणि घेतला तर जोडायचा कुठे?

तुम्ही साताऱ्याहून विचारलंय की घरी जुना इंटिग्रेटेड (सगळं एकाच डब्यात असलेला) अ‍ॅम्प, सीडी प्लेयर आणि टर्नटेबल आहे, रात्री बाळ झोपलं की ३२ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा) हेडफोनवर ऐकता पण अ‍ॅम्पच्या पुढच्या जॅकमधून बास फुगल्यासारखा येतो, मग वेगळा हेडफोन अ‍ॅम्प घ्यावा का आणि तो स्पीकरच्या वायरींना जोडला तर चालेल का, कारण कुणीतरी तसं सांगितलंय.

वायरींचं आधी सांगतो, अजिबात नको. हेडफोन अ‍ॅम्पला लाइन लेव्हल सिग्नल लागतो, म्हणजे सीडी प्लेयर देतो तसा साधारण २ व्होल्टचा. ५० वॉटचा अ‍ॅम्प ८ ओहमच्या स्पीकरवर पूर्ण ताकदीने चालला तर टर्मिनलवर २० व्होल्ट असतात. शिवाय काही अ‍ॅम्पमध्ये काळं टर्मिनल ग्राउंड नसतंच, तिथे चुकीची जोडणी झाली तर आउटपुट स्टेज उडतो.

आता बास. मी सांगलीत राहतो, मुलगी गाणं शिकते, तिचा तानपुरा मिरजेहून आणलाय. तो आणायला गेलो तेव्हा कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा दोरा केसभर मागे-पुढे सरकवत होते, आणि एका जागी तार अशी काही उघडली की नुसत्या खर्जातनं वरचे स्वर झरायला लागले. ती जवारी कानात बसलीय. मग रात्री जुन्या अ‍ॅम्पच्या जॅकमधून तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं तर खर्ज घुमतोय आणि जवारी कुठे गायबच, मला वाटलं हेडफोन गेले. हेडफोन चांगले होते. बऱ्याच जुन्या अ‍ॅम्पमध्ये पुढच्या जॅकला वेगळं सर्किट नसतं, स्पीकरच्याच आउटपुटमधून ३०० ते ५०० ओहमच्या आसपासचा रेझिस्टर टाकून जॅक काढलेला असतो. म्हणजे हेडफोनपर्यंत व्होल्टेजचा छोटासा वाटा पोचतो, आणि तो वाटा हेडफोनच्या ओहमवर ठरतो. ३२ ओहम लिहिलेला हेडफोन सगळीकडे ३२ नसतो, बऱ्याच हेडफोनमध्ये १०० हर्ट्झच्या आसपास तो आकडा वर जातो. समजा तिथे ६० झाला आणि मध्ये ३३० ओहमचा रेझिस्टर आहे, तर तेवढ्याच भागात आवाज जवळपास ५ डेसिबलने चढतो. तोच हेडफोन १ ओहमच्या आउटपुटवर लावा, फरक ०.१ डेसिबल. आणि काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी) लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज १०४ हर्ट्झला पडतो, म्हणजे नेमका त्या फुगवट्यावर! ३०० ओहमचा सेनहायझर एचडी ६०० असता तर आवाज एवढा बिघडला नसता, तुमच्यासारख्या ३२ ओहमवाल्यांना मात्र वेगळा अ‍ॅम्प खरंच उपयोगी पडतो. (प्लेनार, म्हणजे सपाट पडद्याच्या हेडफोनचा ओहम जवळपास सरळ रेषेत असतो, ते असतील तर हे गणित लागू नाही.)

घेताना वॉटच्या मागे लागू नका. ३२ ओहमला १०० मिलिवॅट म्हणजे १.८ व्होल्ट, बहुतेक हेडफोनवर एवढ्याने कान दुखतील. बघायचं ते आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे त्याच्या आउटपुटचा स्वतःचा ओहम, तो हेडफोनच्या ओहमच्या एक अष्टमांशापेक्षा कमी, म्हणजे तुम्हाला ४ ओहमच्या खाली. दुसरं, लो गेनचा (सिग्नल कमी वाढवणारा) स्विच हवाच, कारण २ व्होल्टचा सिग्नल हाय गेनवर गेला की नॉब जरासा फिरवला तरी आवाज फार मोठा होतो, आणि नॉबच्या अगदी सुरुवातीला डावा-उजवा सारखा नसतो, रात्री हळू ऐकणाऱ्याला नेमका तोच त्रास. तिसरं, मागे लाल-पांढरा आरसीए इनपुट (दोन गोल खोबण्या) आहे का ते विचारा, नुसते यूएसबीवाले डबे तुमच्या टर्नटेबलच्या काही कामाचे नाहीत. टॉपिंग एल३० किंवा शिट मॅग्नी या जातीचे छोटे अ‍ॅम्प बघा, आरसीए इनपुट असतो आणि आत डॅक (डिजिटल सिग्नलचा आवाज करणारं सर्किट) नसल्यामुळे नको त्या गोष्टीचे पैसे जात नाहीत.

जोडणी सोपी आहे. तुमच्या अ‍ॅम्पच्या मागे टेप आउट किंवा रेक आउट लिहिलेलं असेल, तिथून साधी आरसीए केबल हेडफोन अ‍ॅम्पच्या इनपुटला. हा सिग्नल व्हॉल्यूमच्या नॉबच्या आधीचा असतो, त्यामुळे मोठ्या अ‍ॅम्पचा आवाज शून्यावर ठेवा, स्पीकर गप्प, हेडफोन चालू. आणि सिलेक्टरवर सीडी ठेवा नाहीतर फोनो, जे निवडाल ते हेडफोनला येतं, टर्नटेबलसाठी वेगळा फोनो स्टेज (त्याचा बारीक सिग्नल वाढवणारा डबा) लागत नाही. टेप मॉनिटरचं बटण मात्र बंद पाहिजे नाहीतर नंतर स्पीकरवर ऐकायला गेलात तर काहीच येत नाही, आणि टेप इनला हेडफोन अ‍ॅम्पचं आउटपुट परत लावू नका, फीडबॅकने कान फुटेल. टेप आउट नसेल आणि प्री आउट (नॉबच्या नंतरचं आउटपुट) असेल तर तेही चालतं, फक्त तिथे मोठ्या अ‍ॅम्पचा नॉबही लागू होतो आणि स्पीकर ए-बी स्विचने बंद करावे लागतात. दोन्ही नसेल तर सीडी प्लेयरच्या आउटपुटला वाय केबल लावून एक टोक अ‍ॅम्पला आणि एक हेडफोन अ‍ॅम्पला द्या. एकाचे दोन करायला हरकत नाही, दोन आउटपुट एकत्र कधीच जोडू नका. चालू-बंद करताना हेडफोन कानावर नको, धप्प येतो.

जोडल्यावर हम्म असा आवाज आला तर घाबरू नका, माझ्याकडे आला होता, दोन रात्री केबली बदलत बसलो आणि शेवटी टीव्हीची केबल कनेक्शनची वायर सेट टॉप बॉक्समधून काढली तर एकदम शांत, कारण तीच वायर बाहेरून वेगळं ग्राउंड आणत होती. आधी सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा, मग एकेक वायर काढून बघा. अर्थिंगची पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, जुन्या घरात अर्थिंग मुळात आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. आणि अ‍ॅम्पच्या मागच्या पाटीवर काय काय लिहिलंय ते इथे खाली टाका, टेप आउट सापडत नसेल तर कुठली जागा वापरायची ते सांगतो.