वाचकांचे प्रश्न : दिग्दर्शक नेमके काय करतो?

गेल्या अंकातील पटकथेवरील उत्तरांनंतर जी पत्रे आली, त्यांतील बरीचशी दिग्दर्शकाच्या कामाविषयी होती. त्यांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : कथा लेखकाची, चित्रीकरण छायालेखकाचे, अभिनय नटांचा आणि जोडकाम संकलकाचे. मग दिग्दर्शक स्वतः काय करतो, आणि चित्रपट त्याच्या नावाने का ओळखला जातो?

उत्तर : हातांनी करण्याजोगे काम दिग्दर्शकाच्या वाट्याला फारसे येत नाही, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. त्याचे काम निर्णयाचे असते आणि त्यांतला सर्वांत मोठा निर्णय त्याला चित्रीकरणाच्या कितीतरी आधी, पटकथा वाचतानाच घ्यावा लागतो. तो म्हणजे, हा प्रसंग कोणाचा आहे?

एक उदाहरण घेऊ. पटकथेत एवढेच लिहिले आहे की वडील टेबलाशी बसून जुने घड्याळ दुरुस्त करत आहेत. मुलगी बॅग उचलते, ‘पोचले की कळवते’ असे म्हणते आणि कायमची घर सोडून जाते. हा प्रसंग वडिलांचा आहे असे ठरले, तर मुलगी जाताना पडद्यावर दिसण्याचीही गरज नाही. कॅमेरा वडिलांच्या हातांवर आणि चेहऱ्यावर राहील, आणि दार लागल्याचा आवाज तेवढा मागून येईल. त्यासाठी कला दिग्दर्शकाला टेबल असे मांडावे लागेल की वडिलांची पाठ दाराकडे येईल, छायालेखकाला टेबलावरच्या दिव्यापुरताच उजेड ठेवावा लागेल, ध्वनिमुद्रकाला घड्याळाच्या सुट्या भागांचे बारीक आवाज वेगळे मुद्रित करून घ्यावे लागतील, आणि दार लागल्यानंतरही बराच वेळ कॅमेरा चालू ठेवावा लागेल, म्हणजे संकलकाला तो शॉट हवा तितका लांबवता येईल. प्रसंग मुलीचा ठरला, तर यातले जवळजवळ सगळे बदलते. आता वडिलांची केवळ पाठ दिसेल आणि उंबरठ्यावर तिच्या क्षणभर थांबण्याला महत्त्व येईल. दोन्हीकडे संवाद तेच आहेत आणि दोन्ही वाचने योग्य ठरू शकतात. मात्र कला विभागाने एक वाचन धरले आणि छायालेखकाने दुसरे, तर प्रत्येकाचे काम आपापल्या जागी उत्तम होऊनही प्रसंग फसतो. सगळ्यांच्या मनात एकच प्रसंग राहील हे पाहणे, हे दिग्दर्शकाचे काम.

ते अवघड होण्याचे कारण असे की चित्रपट क्रमाने चित्रित होत नाही. स्थळ, नटांच्या तारखा आणि उजेड यांच्या सोयीने वेळापत्रक बनते, त्यामुळे मुलगी घर सोडण्याचा प्रसंग पहिल्या दिवशी आणि त्याआधीचे भांडण विसाव्या दिवशी घेतले जाण्याचा संभव असतो. कपडे, केस, टेबलावरच्या वस्तू यांची नोंद कंटिन्युइटी सांभाळणारा सहायक ठेवतो. त्या भांडणानंतर वडिलांच्या मनात किती राग शिल्लक असेल, याची नोंद मात्र दिग्दर्शकाच्या डोक्यातच असावी लागते.

नावाबद्दल म्हणाल, तर दिग्दर्शकालाच चित्रपटाचा कर्ता मानण्याची दृष्टी फ्रेंच समीक्षकांनी रुजवली. फ्रान्स्वा त्रुफो यांचा ‘काहिए द्यू सिनेमा’ या नियतकालिकातील १९५४ सालचा लेख त्या संदर्भात नेहमी सांगितला जातो. चित्रपट पाहण्याची ती एक उपयुक्त रीत आहे, पण तिच्यामुळे लेखक आणि संकलक यांच्यावर अन्याय झाला, असे माझे मत आहे.

प्रश्न : निर्माता मोठा की दिग्दर्शक?

उत्तर : हा प्रश्न मान कोणाला द्यायचा याचा नसून अधिकार कोणत्या बाबतीत कोणाचा, याचा आहे. पैसा उभा करणे, करार करणे, खर्चाची मर्यादा ठरवणे आणि चित्रपट विकणे हे निर्मात्याचे क्षेत्र. त्या मर्यादेत काय चित्रित व्हावे आणि कसे, हे दिग्दर्शकाचे. कायदाही सर्वत्र एकसारखा नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा ‘कर्ता’ निर्माता असतो, तर युरोपीय संघाच्या नियमांत मुख्य दिग्दर्शकाची गणना कर्त्यांमध्ये होते.

प्रश्न : मी मित्रांसह लघुपट करत आहे. नट ‘नेमके काय करू?’ असे विचारतात. मी ‘थोडे अधिक दुःखी व्हा’ असे सांगतो, पण ते खोटे दिसते. माझे कुठे चुकते?

उत्तर : आपण नटाला परिणाम सांगत आहात आणि तो परिणाम ज्यातून निर्माण होतो ती गोष्ट सांगायची राहून जाते. दुःखी हो असे सांगितल्यावर कोणीही दुःखी होत नाही. फार तर दुःखी माणसाचा चेहरा करतो. नटाला करता येण्याजोगे काहीतरी द्यावे लागते. वरच्याच प्रसंगातील वडिलांना ‘तुम्हाला रडू येत आहे’ असे सांगण्याऐवजी, ‘ती दाराशी पोहोचेपर्यंत हे चाक बसले नाही तर तुम्हाला मान वर करून तिच्याकडे पाहावे लागेल, आणि ते तुम्हाला नको आहे’ असे सांगून पाहा. आता नटाला हातांनी काम आहे, मनात धडपड आहे आणि दाराकडे न पाहण्याचे कारण आहे. दुःख प्रेक्षक आपले आपण ओळखतील.

आणखी दोन गोष्टी अनुभवाने सांगतो. एका टेकनंतर एकच सूचना द्यावी. पाच सूचना ऐकलेला नट पुढच्या टेकमध्ये अभिनय न करता यादी आठवत असतो. आणि सूचना शक्यतो त्याच्या जवळ जाऊन, हळू आवाजात द्यावी. सहायक म्हणून काम करताना मी एका दिग्दर्शकांना मॉनिटरपाशी बसूनच सर्वांसमक्ष नटांच्या चुका सांगताना पाहिले आहे. दुपारपर्यंत त्या सेटवर कोणीही नवे काही करून पाहायचे धाडस करत नसे, आणि दिग्दर्शक मात्र नटांमध्ये उत्स्फूर्तता नाही म्हणून त्रासलेले असत. स्वतः अभिनय करून दाखवण्याचा मोहही टाळावा, कारण मग नट पात्राची नव्हे, तुमची नक्कल करतो. आणि टेक चांगला झाला तर त्यात नेमके काय चांगले झाले तेही सांगा. नुसते ‘ओके, पुढचा शॉट’ ऐकून नटाला पुढच्या वेळी काय जपायचे ते कळत नाही.

प्रश्न : वेळ, खर्च आणि सेटवरची सुरक्षितता ही दिग्दर्शकाची जबाबदारी आहे का? की ते व्यवस्थापनाचे काम?

उत्तर : वेळापत्रक आखणे आणि सेट चालवणे हे पहिल्या सहायक दिग्दर्शकाचे काम असते, पण वेळ कुठे खर्च करायचा हे दिग्दर्शकानेच ठरवायचे असते. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशेब धरतात. शंभर पानांची पटकथा तीस दिवसांत संपवायची तर रोज तीन पानांहून अधिक चित्रीकरण झाले पाहिजे. घर सोडण्याच्या प्रसंगाला संपूर्ण दिवस द्यायचा असेल, तर दुसऱ्या कोणत्या प्रसंगाचे सहा शॉट दोनवर आणता येतील, हे आदल्या रात्रीच माहीत असावे. ऐन सेटवर हा विचार सुरू करणारा दिग्दर्शक बहुधा दिवसाच्या शेवटी, उजेड जात असताना, सर्वांत महत्त्वाचा शॉट घाईने उरकतो.

सुरक्षिततेबाबत मात्र हे काम माझे नाही असे दिग्दर्शकाला म्हणता येणार नाही. १९८२ साली अमेरिकेत रात्रीच्या चित्रीकरणात स्फोटांमुळे हेलिकॉप्टर कोसळले आणि एक नट व दोन लहान मुले मृत्युमुखी पडली. त्या मुलांना बालकामगारविषयक नियम डावलून कामावर घेतले गेले होते. दिग्दर्शकासह पाच जणांवर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला आणि १९८७ मध्ये सर्वांची निर्दोष मुक्तता झाली. निकाल काहीही लागो, सेटवर ‘आणखी एकदा घेऊ’ हे शब्द दिग्दर्शकाचे असतात, आणि कनिष्ठ सहायकाला भीती वाटत असली तरी त्या शब्दांपुढे बोलणे जड जाते. म्हणून धोक्याच्या दृश्याआधी कोणालाही ‘थांबा’ म्हणता येईल, हे दिग्दर्शकाने स्वतःच्या तोंडाने सर्वांसमोर सांगितले पाहिजे.

प्रश्न : चित्रीकरण संपले की दिग्दर्शकाचे काम संपते का? अंतिम शब्द कोणाचा?

उत्तर : संपत नाही. संकलन, डबिंग, पार्श्वसंगीत, ध्वनिमिश्रण आणि रंगसंस्करण या सर्व टप्प्यांवर तो उपस्थित असतो, आणि संकलनाच्या खोलीत त्याला स्वतःच्याच आवडत्या शॉटवर कात्री चालवावी लागते. तो शॉट मिळवायला पहाटे चार वाजता उठावे लागले होते, हे प्रेक्षकाला ठाऊक नसते; संकलकालाही ते ठाऊक नसलेले बरे.

अंतिम शब्द करारावर अवलंबून असतो आणि बहुतेक दिग्दर्शकांकडे तो नसतो. अमेरिकेत १९३६ मध्ये स्थापन झालेल्या दिग्दर्शकांच्या संघटनेने पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी दिग्दर्शकाला स्वतःचे संकलन सादर करण्यास साधारणतः दहा आठवडे मिळतील, एवढे करारात मिळवले आहे; त्यानंतर निर्माता बदल करू शकतो. ते बदल दिग्दर्शकाला मान्यच नसतील तर आपले नाव काढून घेण्याची एक वाट होती. १९६९ मध्ये प्रदर्शित झालेल्या एका चित्रपटाचा दिग्दर्शक मध्येच बदलला गेला आणि श्रेयनामावलीत आपले नाव दोघांनाही नको होते, तेव्हा संघटनेने ‘ॲलन स्मिथी’ हे अस्तित्वातच नसलेले नाव दिले, आणि पुढे सुमारे तीन दशके नाराज दिग्दर्शक त्याच नावाआड राहिले. त्या पहिल्या चित्रपटाच्या परीक्षणात एका मान्यवर वृत्तपत्राच्या समीक्षकाने स्मिथी यांच्या दिग्दर्शनाचे कौतुक केले होते.